आधी यंत्राला शिस्त, मग माणसाला शिकवण

दरवर्षी ४ मार्चला देशभरातल्या कारखान्यांत राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळला जातो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली आणि तिचे मुख्यालय आज नवी मुंबईत आहे. त्या सप्ताहात गेटवर फलक लागतात, शर्टावर बिल्ले दिसतात, सामूहिक शपथ होते, घोषवाक्यांच्या आणि चित्रांच्या स्पर्धा भरतात, हजेरीपटावर प्रशिक्षण घेतल्याच्या सह्या होतात. यातले काही वाईट आहे असे नाही. पण या साऱ्या खटाटोपातून कामगाराला मिळणारा संदेश बहुतेक वेळा एकच असतो: बाबा रे, सावध राहा. पुढे कधी अपघात झालाच, तर तो सावध नव्हता असा निष्कर्ष त्या संदेशातच दडलेला असतो. पंचनामा, बातमी आणि व्यवस्थापनाचा खुलासा या तिन्हींत मग निष्काळजीपणा हे कारण बिनदिक्कत लिहिले जाते. या लेखाचे म्हणणे असे की सावधपणा हे अपघात रोखण्याचे सर्वांत दुबळे साधन आहे, आणि केवळ सावधपणा शिकवणारे प्रशिक्षण जीव वाचवण्यापेक्षा जबाबदारी ढकलण्याच्याच जास्त कामी येते. प्रशिक्षण हवेच आहे. पण ते कशाच्या नंतर आणि कशासाठी, हे आधी ठरले पाहिजे.

प्रश्न किती मोठा आहे ते पाहू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे २९ लाख माणसे कामामुळे मरण पावतात. त्यांतले सुमारे ३ लाख ३० हजार मृत्यू अपघातांचे. बाकीचे धूळ, रसायने, आवाज, अतिश्रम यांतून हळूहळू जडलेल्या आजारांचे. म्हणजे रक्त सांडते, सायरन वाजतो आणि बातमी होते असे मृत्यू या हिशेबातला लहान भाग आहेत. आपल्याकडे कारखान्यांतील अपघातांची जी सरकारी आकडेवारी मिळते, ती नोंदणीकृत कारखान्यांची. शेतात फवारणी करणारा मजूर, परांचीवरचा गवंडी, गटारात उतरणारा सफाई कामगार, घराच्या पडवीत चालणाऱ्या युनिटमधली बाई हे सगळे तिच्या बाहेर राहतात. ज्यांची मोजणीच होत नाही, त्यांच्यापर्यंत प्रशिक्षण कसे पोहोचणार, हा या विषयातला पहिला अडसर आहे.

सावधपणाची ताकद किती, हे तपासायला पॉवर प्रेसइतके स्वच्छ उदाहरण नाही. पिंपरी-चिंचवड, चाकण, भोसरीपासून हरियाणातल्या मानेसर, फरिदाबादपर्यंत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या शॉपमध्ये हे यंत्र असते. पत्र्याचा तुकडा डायवर ठेवायचा, पायाने पेडल दाबायचे, वरून रॅम टनावारी दाबाने खाली येतो, तुकडा कापला किंवा वाकवला जातो, तो काढायचा आणि पुढचा ठेवायचा. आता साधा हिशेब करू. एका तुकड्याला सहा सेकंद धरले तर मिनिटाला दहा, तासाला सहाशे, आठ तासांच्या शिफ्टमध्ये ४,८०० वेळा हात रॅमखाली जातो. ओव्हरटाइम धरून बारा तास झाले तर ७,२०० वेळा. समजा एखादा कामगार इतका दक्ष आहे की दहा हजार वेळांत एकदाच त्याचे लक्ष ढळते. असा माणूस शोधूनही सापडणार नाही. पण तो सापडला तरी दर दोन दिवसांनी त्याचे लक्ष एकदा ढळणारच. प्रत्येक वेळी बोट जाईल असे नाही, पण महिनोन्महिने हा जुगार चालू राहिला तर शेवट ठरलेला आहे. शिवाय यंत्रही चुकते. क्लचची पिन झिजली किंवा स्प्रिंग तुटली की पेडल न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. अशा डबल स्ट्रोकपुढे जगातला सर्वांत सावध माणूसही हतबल असतो. सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांवर अहवाल काढते आहे. बोटे गमावण्यात पॉवर प्रेसचा वाटा सर्वांत मोठा, आणि त्यांतल्या अनेक प्रेसना सेन्सरच नव्हता, हे चित्र त्या अहवालांतून वारंवार समोर आले आहे.

बोट गेल्यावर पुढे काय होते, याचे उत्तरही कायद्यात आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक अवयवाचा दर ठरलेला होता. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असे धरत. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. कागदावर हे न्याय्य वाटते. पण प्रेसवर काम करून पोट भरणाऱ्या तरुणाची तर्जनी गेली की ८६ टक्के क्षमता शिल्लक आहे म्हणून त्याला कोणी कामावर ठेवत नाही. पुढच्या कारखान्याच्या गेटवर त्याचा हात पाहिला जातो आणि तो परत फिरतो. म्हणून भरपाईची चर्चा कितीही आवश्यक असली तरी ती अपघाताच्या नंतरची आहे. खरा प्रश्न आधीचा आहे.

निष्काळजीपणाला मूळ कारण मानण्याची सवय आली कुठून, हे पाहण्याजोगे आहे. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ मध्ये औद्योगिक अपघातांवर एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित वागण्याने, १० टक्के असुरक्षित परिस्थितीमुळे आणि २ टक्के अटळ, अशी वाटणी दिली. हा ८८ चा आकडा पुढे जगभरच्या प्रशिक्षण वर्गांत जवळजवळ सिद्धांतासारखा सांगितला गेला, आणि आजही सांगितला जातो. पण तो निघाला विमा दाव्यांच्या फायलींतून आणि कारखान्यांच्या नोंदींतून. त्या नोंदी लिहिणारे होते मालक आणि सुपरवायझर. स्वतःच्या यंत्राला जाळी नव्हती, असे स्वतःच्या अहवालात कोण लिहील? पुढच्या अभ्यासकांनी यावर नेमके बोट ठेवले. शिवाय प्रत्येक अपघाताला एकच कारण असते, हे गृहीतकही टिकणारे नाही. कामगाराचा हात आत होता हे खरे. पण जाळी का नव्हती, सेन्सर कोणी बंद केला, बारावा तास का चालू होता आणि देखभाल कधीपासून थकली होती, हे प्रश्न विचारले की त्या हातामागची सगळी साखळी दिसू लागते.

म्हणूनच सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची एक उतरंड मानली जाते. सर्वांत वर आहे धोकाच काढून टाकणे. ते शक्य नसेल तर घातक वस्तूच्या जागी कमी घातक वस्तू आणायची. मग यंत्राच्या रचनेतच अडथळा घालायचा: जाळी, सेन्सर, किंवा दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय रॅम हलणारच नाही अशी सोय. त्याखाली येतात नियम, पाळ्या, फलक आणि प्रशिक्षण. हेल्मेट, गॉगल, हातमोजे, बेल्ट हे सर्वांत शेवटी. वरचे उपाय कामगाराच्या लक्षावर अवलंबून नसतात. खालचे पूर्णपणे असतात. आपल्याकडे गंमत अशी की ही उतरंड बहुधा उलटी वापरली जाते. हेल्मेट स्वस्त, फलक त्याहून स्वस्त, म्हणून सुरुवात तिथून होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. जुन्या शेडवरचे सिमेंटचे पत्रे बदलायला मजूर वर चढतो, तेव्हा त्याला जपून पाय टाक असे बजावतात. पण असा पत्रा माणसाचे वजन पेलत नाही, आणि कुठे पेलेल हे वरून पाहून कळत नाही. तिथे आडव्या फळ्या, खाली जाळे आणि शक्य असेल तर खालूनच शिडी किंवा लिफ्ट लावून काम, हेच खरे उपाय आहेत.

खालच्या पायरीवरचे साधन आंधळेपणाने वापरले तर ते उलटतेही. पत्रा उचलताना हातमोजे हवेतच. पण फिरत्या ड्रिलजवळ किंवा लेथवर तेच मोजे घातक ठरतात, कारण मोज्याचा धागा फिरत्या भागात अडकला की बोटासकट हात ओढला जातो. नेहमी हातमोजे घाला, असे सरसकट शिकवणारा वर्ग म्हणूनच धोकादायक आहे. यवतमाळची २०१७ ची घटना याच दृष्टीने पाहावी. त्या वर्षी कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो आजारी पडले. चर्चा बरीचशी वळली ती त्यांनी संरक्षक पोशाख घातला नव्हता याकडे. पण विदर्भातल्या दमट उकाड्यात डोक्यापासून पायापर्यंत रबर-प्लास्टिक घालून दिवसभर पाठीवर पंप वागवणे किती शक्य आहे, हा प्रश्न फार कमी जणांनी विचारला. कोणती अतिविषारी औषधे बाजारात असावीत, ती एकमेकांत मिसळण्याचा सल्ला कोण देतो, फवारणीच्या पंपाची रचना कशी असावी, हे प्रश्न उतरंडीत वरचे आहेत. त्यांची उत्तरे मजुराकडे नसतात.

मग प्रशिक्षणाचा उपयोग किती? यावर भावनेने बोलण्यापेक्षा पुरावा पाहिलेला बरा. २०१२ मध्ये रॉब्सन आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या चांगल्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा प्रसिद्ध केला. प्रशिक्षणाने कामगारांचे वागणे सुधारते याला भक्कम पुरावा आहे, असे त्यात आढळले. पण त्यामुळे इजा आणि आजार कमी होतात, असे म्हणायला पुरेसा पुरावा मिळाला नाही. पहिल्या वाचनात हे निराश करणारे वाटते, पण वरचा प्रेसचा हिशेब आठवला तर ते अगदी स्वाभाविक आहे. वागणे सुधारले तरी रॅम तोच, जाळी नाही ती नाहीच. दुसरा अभ्यास त्याआधीचा, २००६ चा. बर्क आणि सहकाऱ्यांनी १९७१ ते २००३ या काळातले ९५ अभ्यास तपासले. त्यांत जवळपास २१ हजार कामगार होते. निष्कर्ष असा की शिकणारा जितका प्रत्यक्ष सहभागी होतो, हाताने करून पाहतो, प्रश्न विचारतो, तितके ज्ञान वाढते आणि अपघात, इजा व आजार कमी होतात. व्याख्यान, व्हिडिओ आणि पत्रके यांचा परिणाम सर्वांत कमी. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की उत्तर स्पष्ट होते: प्रशिक्षण उपयोगी पडते, पण ते करून पाहण्याचे असेल तर, आणि यंत्राची व्यवस्था आधी सुधारलेली असेल तर.

करून पाहण्याचे प्रशिक्षण म्हणजे काय, हे दुरुस्तीच्या कामातून कळते. कन्व्हेयर अडकला, फिटर आत हात घालून पट्टा काढतो आहे, आणि पलीकडून कोणी तरी मशीन का बंद आहे म्हणत स्विच ऑन करतो. अनेक जीवघेणे अपघात असेच घडतात. यावरचा उपाय साधा आहे. दुरुस्ती करणाऱ्याने मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचे कुलूप लावायचे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, स्विचवर आपल्या नावाची पाटी अडकवायची आणि मग सुरू करण्याचे बटण दाबून यंत्र खरोखर मेले आहे की नाही हे पाहायचे. यातली शेवटची पायरीच लोक हमखास विसरतात, कारण ती पडद्यावर दाखवून अंगात मुरत नाही. कुलूप हातात देऊन, त्याच यंत्रावर, चार वेळा करून घ्यावी लागते. शिफ्टच्या सुरुवातीला दहा मिनिटांची टूलबॉक्स टॉक असते, तिचेही तसेच. काल कुठे थोडक्यात वाचलो, आज कोणते काम नेहमीपेक्षा वेगळे आहे, एवढे दोनच विषय तिथे झाले तरी पुष्कळ. थोडक्यात हुकलेल्या अपघाताची नोंद ही फुकट मिळालेली पूर्वसूचना असते. मात्र नोंद करणाऱ्याला बोलणी बसणार असतील तर पुढची नोंद कधीच येत नाही.

एक क्षेत्र मात्र असे आहे जिथे प्रशिक्षणाला पर्याय नाही, कारण तिथे माणसाची चांगली प्रवृत्तीच त्याचा घात करते. सेप्टिक टँक, मॅनहोल, बायोगॅसची टाकी, रसायनाची टाकी, जुनी विहीर: एक जण आत उतरतो, कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो, मग तिसरा. महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत अशा बातम्या सतत येतात आणि त्यांतले मृत अनेकदा बाप-लेक किंवा सख्खे भाऊ असतात. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ मध्ये नोंदवले होते की बंदिस्त जागेतल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे असतात. कारण हवेतच आहे. बाहेरच्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, तो १९.५ च्या खाली गेला की जागा धोक्याची, आणि दहाच्या खाली गेला की माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध होऊ शकतो. हायड्रोजन सल्फाइड त्याहून फसवा. थोड्या प्रमाणात त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढले, हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग झाले, की वास ओळखण्याची शक्तीच मरते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून उतरणारा त्यामुळेच मरतो. पेटती काडी किंवा मेणबत्ती आत सोडून पाहण्याची जुनी रीतही फसवी आहे: ती विषारी वायू दाखवत नाही आणि मिथेन असेल तर स्फोट घडवते. म्हणून वायुमापक, ब्लोअर, अंगाला दोर, वर तिकाटणे आणि बाहेर थांबलेला माणूस आत उतरणार नाही असा कडक नियम, हे सगळे सरावाने शिकवावे लागते. तरीही पहिला उपाय उतरंडीतला वरचाच: माणूस उतरवायचाच नाही. २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक हाताने सफाई करवून घेण्यास बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाखांची आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाखांची भरपाई ठरवली. यंत्राने होणारे काम माणसाकडून करून घेणे हा निव्वळ गुन्हा आहे आणि कोणतेही प्रशिक्षण त्याला सुरक्षित करू शकत नाही.

इथून प्रशिक्षणाचा खरा हेतू पुढे येतो. धोका ओळखता येणे एवढ्यावर भागत नाही. ओळखल्यावर थांबता आले पाहिजे. भोपाळने हे फार महाग शिकवले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथल्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद ठेवलेली होती, वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर जोडलेला नव्हता आणि खर्च कपातीत माणसेही कमी केली गेली होती. धोक्याची कल्पना तिथल्या कामगारांना होती. पण त्यांच्या तक्रारीला वजन नव्हते. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन कामगारांचा माहितीचा आणि प्रशिक्षणाचा हक्क कायद्यात लिहिला गेला, सुरक्षा समित्यांत त्यांना स्थान मिळाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही गंभीर धोक्याची सार्थ भीती वाटल्यास ती मालकाला आणि निरीक्षकाला कळवण्याचा हक्क आहे. पण कळवणे आणि थांबणे यांत अंतर आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या कराराने तत्काळ धोक्यातून बाजूला होणाऱ्या कामगाराला त्याचे दुष्परिणाम भोगायला लागू नयेत, असे म्हटले आहे. ज्या शॉपमध्ये प्रेस थांबवणाऱ्याचा त्या दिवसाचा इन्सेंटिव्ह कापला जातो, तिथे सेफ्टी ट्रेनिंग झाले असे म्हणण्यात अर्थ नाही.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा आहे आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. जाळी दिली तर कामगारच काढून टाकतात, सेन्सरवर चिकटपट्टी लावतात, हेल्मेट खुंटीला टांगतात, असे मालक सांगतात. हे घडते. पण का घडते ते पाहावे. सेन्सर चालू असला की तासाला तुकडे कमी निघतात, आणि टार्गेट तेवढेच राहते. मजुरी नगावर असेल तर सेन्सर म्हणजे स्वतःच्या पगारावर बसलेली कात्री. बरेचदा सेन्सर बंद करायला सुपरवायझरनेच सांगितलेले असते, तोंडी. डाय बदलताना जाळी आडवी येते, कारण ती त्या डायसाठी बनवलेलीच नसते. बेफिकिरी, फुशारकी, तंबाखूचा बार, कामाच्या वेळी मोबाइल, हेही आहेच आणि त्यासाठी शिस्त हवी. पण एखादे साधन शंभरातले ऐंशी जण टाळत असतील, तर दोष त्या ऐंशी जणांच्या स्वभावात शोधण्याआधी साधनात आणि टार्गेटमध्ये शोधावा, एवढेच म्हणणे आहे. कामाचा वेग ठरवताना सेन्सर चालू धरूनच ठरवला, तर चिकटपट्टी लावण्याचे कारणच उरत नाही.

दुसरा आक्षेप लहान उद्योजकांचा. दोन-चार प्रेस घेऊन बसलेल्या माणसाला बँकेचा हप्ता, विजेचे बिल आणि वरच्या कंपनीने दरवर्षी खाली आणलेला दर सांभाळायचा असतो; त्याने सेफ्टी ऑफिसर कुठून आणायचा? अडचण खरी आहे, आणि कायद्याने त्यात भरच घातली आहे. जुन्या कायद्यात वीज वापरणारा दहा कामगारांचा कारखाना कारखाना ठरत असे. नव्या संहितेत ही संख्या वीस झाली, विजेशिवाय चालणाऱ्यांसाठी वीसवरून चाळीस. म्हणजे जिथे धोका जास्त आणि देखरेख कमी, तीच युनिटे कारखान्यांच्या तरतुदींबाहेर गेली. पण सगळे उपाय महाग नसतात. डायभोवतीची जाळी त्याच शेडमधला वेल्डर बनवू शकतो. हाताऐवजी चिमट्याने किंवा चुंबकाने तुकडा ठेवायची सवय लावायला खर्च किरकोळ. पायाच्या पेडलऐवजी दोन बटणे हा मोठा भांडवली खर्च नाही. प्रेसची पिन आणि स्प्रिंग दर आठवड्याला पाहणे हे तर देखभालीतच मोडते. खर्चिक सुधारणांचा भार मात्र एकट्या लहान मालकाने उचलावा हे न्याय्य नाही. त्याचा माल घेऊन गाडी विकणारी मोठी कंपनी गुणवत्ता तपासायला त्याच्या शेडमध्ये माणसे पाठवते, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक पकडते. तिला प्रेसवर जाळी आहे की नाही हे दिसत नाही, असे म्हणता येणार नाही. सुट्या भागाच्या दरात सुरक्षेचा खर्च धरणे आणि जाळी नसेल तर माल न घेणे, हे तिच्या हातात आहे.

तिसरा आक्षेप कंत्राटी कामगारांबद्दलचा. तीन महिन्यांनी जाणाऱ्या हेल्परला शिकवून काय मिळवायचे? पुरावा नेमका उलटा आहे. कॅनडातल्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थच्या अभ्यासांत आढळले की नोकरीच्या पहिल्या महिन्यात काम बुडवणारी इजा होण्याचा धोका वर्षाहून अधिक अनुभव असलेल्यांच्या तिपटीपेक्षाही जास्त असतो. म्हणजे ज्या कारखान्यात माणसे सारखी बदलतात, तिथला प्रत्येक महिना कोणासाठी तरी पहिला महिना असतो. त्यात भाषेची भर. चाकणच्या शॉपमधला तरुण बिहारचा, ओडिशाचा किंवा मराठवाड्याचा असतो, यंत्रावरची सूचना इंग्रजीत आणि भिंतीवरचा फलक शुद्ध सरकारी मराठीत. त्याला त्याच्या भाषेत, त्याच यंत्रापाशी, एक दिवस दाखवायचे आणि पहिले काही आठवडे त्याला प्रेसवर एकटे सोडायचे नाही, एवढे बंधन ठेकेदाराच्या करारातच असले पाहिजे. ठेकेदाराचा माणूस म्हणून मूळ मालकाची जबाबदारी संपत नाही, कारण यंत्र त्याचे आहे.

शेवटचा आक्षेप निराशेचा: हे सगळे श्रीमंत देशांना जमते, आपल्याला नाही. ब्रिटनचे उदाहरण पाहा. १९७२ च्या रोबेन्स समितीच्या अहवालानंतर तिथे १९७४ मध्ये नवा सुरक्षा कायदा आला. त्या वर्षी कामावर ६५१ कर्मचारी मृत्युमुखी पडले होते. अलीकडे ही संख्या वर्षाला दीडशेच्या आत असते. त्यातला काही भाग खाणी आणि अवजड उद्योग बंद पडल्यामुळे आहे, हे मान्य करायला हवे. धोक्याची बरीच कामे आपल्यासारख्या देशांत आली, हेही त्यातच आले. पण त्या कायद्याचे सूत्र आपल्याला घेता येण्याजोगे आहे: धोका निर्माण करणाऱ्यानेच तो शक्य तितका कमी करायचा, आणि ते केल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याचीच. यात श्रीमंती लागत नाही. निरीक्षक पुरेसे लागतात, आणि त्यांनी फाइल न बघता मशीन बघावे लागते.

तेव्हा कारखानदार, सोसायटीचे सचिव, बांधकामाचे कंत्राटदार, ट्रॅक्टर-मळणी यंत्राचे मालक आणि घरच्या टाकीची सफाई करून घेणारे आपण सगळे, यांना विनंती अशी की कोणालाही जपून कर म्हणण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे काम माणसाला धोक्यात न घालता होऊ शकते का? नसेल, तर एका माणसाचे एक क्षण लक्ष ढळले तरी तो वाचेल अशी सोय मी केली आहे का? आणि त्याला भीती वाटली तर काम थांबवण्याची मुभा, मजुरी न कापता, मी दिली आहे का? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर प्रशिक्षणाला अर्थ आहे. नसतील, तर प्रशिक्षणाच्या वहीतल्या सह्या फक्त अपघातानंतर मालकाचा बचाव करायच्या कामी येतील.